काझाहून टॅक्सीने मुध: आई-बाबांना घेऊन एका दिवसात जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही पाच जणं, त्यात आई-बाबा पासष्टीच्या पुढचे आणि भाऊ अमेरिकेहून येणारा, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शिमला-किन्नौरच्या बाजूने हिमाचलमधल्या स्पितीत शिरताय, तिथल्या मुख्य गावी काझात तीन रात्री आहेत, एजंटने पहिल्या दिवशी लांग्झा-हिक्कीम-कोमिक आणि दुसऱ्या दिवशी धनकर (तिथला जुना मठ) प्लस पिन व्हॅली असं बसवून दिलंय. आणि तुम्हाला विचारायचंय की पिन व्हॅलीतलं शेवटचं गाव मुध, ते काझाहून टॅक्सीने एका दिवसात होतं का, गाडी कशी ठरवायची, आई-बाबांना झेपेल का. मी पुण्याहून किन्नौर-स्पितीचे छोटे ग्रुप घेऊन जातो, बरीच वर्षं हेच काम चाललंय, त्यामुळे जरा लांबण लावतो, वेळ असेल तसं वाचा.

होतं. आरामात होतं. फक्त एजंटचा क्रम उलटा करा आणि त्यातलं धनकर काढून टाका. माझं म्हणणं एवढंच आहे, खाली जे लिहिलंय ते हे असं का.

क्रम उलटा का, तर उंची. काझा साधारण ३,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. मुध ३,८०० च्या आसपास. म्हणजे तुम्ही दिवसभर फिरून आलात तरी शरीराला काझात बसल्यापेक्षा फारसं वेगळं काही करावं लागत नाही. याउलट लांग्झा-हिक्कीम ४,४०० च्या घरात, कोमिक ४,५०० च्या वर. काझाला संध्याकाळी पोचायचं, रात्री झोप धड लागत नाही (पहिल्या रात्री कुणालाच लागत नाही, तरुण पोरांनाही नाही), आणि सकाळी उठून थेट कोमिकला जायचं, हे पासष्टीच्या माणसांना कशाला करायला लावायचं? एजंट लोक लांग्झा आधी टाकतात कारण ते काझापासून जवळ आहे, अर्ध्या-पाऊण दिवसात उरकतं, फोटो भरपूर मिळतात, हिक्कीमच्या पोस्टातून पत्रं टाकता येतात, गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी खूश. पण डोकं दुखायला लागलं की पुढचे दोन दिवस हॉटेलच्या रूममध्ये जातात. म्हणून पहिल्या पूर्ण दिवशी मुध, दुसऱ्या दिवशी वरची तीन गावं. एवढा एक बदल केलात तरी अर्धं काम झालं समजा.

तुम्ही शिमल्याकडून येताय हे उत्तमच आहे. कल्पा, नाको, ताबो असं हळूहळू चढत येता, शरीराला सवय होते. मनालीकडून येणाऱ्यांना तसं नसतं. ते आधी अटल टनेल, मग बातलचा तो हाडं खिळखिळी करणारा रस्ता, त्यात ४,५५० मीटरचा कुंझुम पास आणि त्याच संध्याकाळी काझा, सगळं एकाच दिवसात. ते लोक हे वाचत असतील तर त्यांनी काझाला पोचल्यावर एक दिवस बाजारात चहा पीत काढावा, पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुधसुद्धा नको.

आता धनकर का काढायचं. नकाशावर बघाल तर काझा-ताबो हायवेवर काझापासून साधारण १५-१६ किलोमीटरवर अत्तरगो पूल लागतो, तिथून स्पिती नदी ओलांडून पिनकडे वळायचं. धनकरचा फाटा त्याच हायवेवर आणखी पुढे शिचलिंगला, तिथून वर आठेक किलोमीटर चढ. कागदावर सगळं जवळ-जवळ दिसतं म्हणून एजंट जोडून टाकतो. प्रत्यक्षात काय होतं, सकाळी आधी धनकर, तिथला गोंपा (बौद्ध मठ) बघता बघता अकरा वाजतात, मग पिनमध्ये शिरायला बारा, मुधला पोचायला दोन, पोटात कावळे, पटापट मॅगी खायची, ड्रायव्हर घड्याळ बघतोय, वीस मिनिटांत परत. म्हणजे मुधला जाऊन आलो एवढं सांगायला मोकळे, बघितलं काहीच नाही. आणि तुम्ही तर ताबोहून काझाला येताना धनकरच्या फाट्यावरूनच येणार आहात! त्याच दिवशी वर जाऊन या ना, ताबो-धनकर-काझा हा मस्त निवांत दिवस होतो. तुमच्या शिमल्याहून आलेल्या गाडीतच होतं ते, वेगळे पैसेही फार लागत नाहीत.

दुपार टाळायची याला आणखी एक कारण आहे, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. पाणी.

स्पितीत पाऊस कमी, त्यामुळे आपल्याकडच्या घाटात जसं पावसाचं बघून निघायचं तसं तिथे चालत नाही, तिथे उन्हाचं बघून निघायचं. सगनामच्या पुढे मुधपर्यंत रस्त्यावरून नाले वाहतात, वरच्या बर्फाचं पाणी ते. सकाळी थंडी असते, बर्फ वितळत नाही, नाला पायाचे घोटे बुडतील एवढा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की वर बर्फ सुटायला लागतं, आणि ते पाणी खाली रस्त्यापर्यंत यायला अजून थोडा वेळ लागतो, म्हणून दुपारी दोन-अडीचनंतर तोच नाला गढूळ होऊन दगड वाहून आणायला लागतो. जून-जुलैमध्ये हे सगळ्यात जास्त, कारण वर बर्फ शिल्लक असतं आणि ऊन कडक. सप्टेंबरमध्ये हा त्रास बराच कमी. कडक उन्हाचा दिवस म्हणजे टुरिस्टला वाटतं वा काय क्लिअर आहे, आणि ड्रायव्हरच्या कपाळावर आठ्या.

एकदा असाच जूनमधला दिवस, आम्ही मुधहून परत निघायला जरा रेंगाळलो, नाल्यापाशी आलो तर पलीकडे एक सुमो आणि अलीकडे आम्ही, मध्ये तांबूस पाणी. आमचा ड्रायव्हर गाडी बंद करून उतरला, काही बोलला नाही, काठावर उकिडवा बसला. मला वाटलं बिडी ओढतोय. तो बघत होता की पाण्यातून आतल्या दगडांचा गडगड आवाज येतोय का. वरून पाणी कमी दिसलं तरी आतून दगड सरकत असले तर चाक टाकायचं नाही, हा त्याचा हिशोब. मग पलीकडची सुमो आधी आली, तेव्हा याने तिच्या चाकाच्या हबपर्यंत पाणी येतंय की वर जातंय एवढंच बघितलं, कुठे चाक घसरलं ते बघितलं, दोन मोठे दगड स्वतः उचलून एका खड्ड्यात टाकले, आम्हाला वरच्या बाजूने दगडांवरून चालत पलीकडे जायला सांगितलं आणि मग रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये एका दमात काढली, मध्ये कुठेही क्लच नाही, गिअर बदलणं नाही. तेव्हा टॅक्सीचे पैसे म्हणजे पन्नास किलोमीटर जाऊन येण्याचे पैसे हा विचार डोक्यातून काढून टाका. हे बघणं येतं त्या माणसाचे पैसे आहेत ते.

म्हणूनच गाडी काझाचीच घ्या. तुमची शिमल्याहून आलेली गाडी दारात उभी असणार, तिचा ड्रायव्हर म्हणेल "सर मैं ले चलता हूं, थोडा एक्स्ट्रा दे देना", आणि मिस्टर म्हणतील की उगाच दुसरी गाडी कशाला. शिमल्याचा ड्रायव्हर पक्क्या रस्त्यावर कितीही भारी असला तरी पिनचे नाले आज कसे आहेत हे त्याला माहीत नसतं, शिवाय त्याची गाडी बऱ्याचदा सेडान किंवा कमी ग्राउंड क्लिअरन्सची असते. आणि लोकल साइटसीइंग बाहेरच्या टॅक्सीने करण्यावरून काझाच्या टॅक्सी युनियनवाल्यांशी वाद व्हायची शक्यता असते ती वेगळीच. त्याला त्या दिवशी सुट्टी द्या, झोपू दे बिचाऱ्याला, परतीला तोच तुम्हाला खाली नेणार आहे.

गाडी ठरवायची कशी. काझाच्या बाजारात टॅक्सी युनियन आहे, तिथे ठिकाणांप्रमाणे रेट ठरलेले असतात. रेट दर सीझनला बदलतो म्हणून मी आकडा लिहीत नाही, कुणी दोन वर्षांपूर्वीचा ब्लॉग वाचून तिथे हुज्जत घालू नका. रेट पूर्ण गाडीचा असतो, माणशी नाही. आदल्या दिवशी संध्याकाळीच जाऊन बोलून या, सकाळी सात वाजता जाऊन गाडी शोधायची म्हणजे अर्धा दिवस तिथेच गेला. होमस्टे किंवा हॉटेलवाल्याला सांगितलं तरी तो गाडी लावून देतो, बहुतेक वेळा त्याचाच भाऊ नाहीतर मेहुणा असतो, त्यात वाईट काही नाही, उलट जबाबदारी राहते. जून म्हणजे सीझन, पाच जणांना मोठी गाडी लागणार, तेव्हा ताबोला असतानाच फोन करून ठेवलात तर उत्तम.

बोलताना काय काय बोलून घ्यायचं ते सांगतो, कारण नंतरची भांडणं सगळी इथेच सुरू होतात. मुध म्हणजे मुध, सगनामपर्यंत नाही, हे स्पष्ट बोला. वाटेत कुंग्री गोंपाला थांबायचंय हे सांगा. सकाळी सातला निघायचं आणि मुधला किमान तीन तास थांबायचं हे सांगा. आणि जे कुणीच विचारत नाही ते म्हणजे नाला चढला किंवा दरड आली आणि मुधच्या अलीकडून परत फिरावं लागलं तर पैसे किती? सगनामच्या चौकात मी एका ग्रुपची ड्रायव्हरशी जुंपलेली बघितलीय, यांचं म्हणणं अर्धेच देणार, त्याचं म्हणणं माझा पूर्ण दिवस गेला. खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आधी बोलले नव्हते एवढंच. माझं मत विचाराल तर अशा वेळी पूर्ण पैसे द्यावेत. पैशासाठी ड्रायव्हरने नाल्यात गाडी घालावी असं तुम्हाला खरंच वाटतं का? परत फिरायचा निर्णय त्याला बिनधास्त घेता आला पाहिजे.

गाडी कुठली? पाच जणं आणि त्यात दोन ज्येष्ठ म्हणजे इनोव्हा मिळाली तर चांगलंच, नाहीतर सुमो किंवा बोलेरो. सुमो-बोलेरोत मागच्या आडव्या बाकांवर कुणालाही बसवू नका, ज्याला गाडी लागत नाही त्यालाही तिथे लागते. बाबांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा, आई मधल्या सीटवर खिडकीशी. ज्यांना गाडी लागते त्यांनी अवोमिन वगैरे जे नेहमी घेता ते निघायच्या एक-दोन तास आधी घ्या, वळणावर मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. नाश्ता हलका करा पण करा, उपाशी पोटी जास्त त्रास होतो. आणि सकाळी गाडी आली की स्टेपनी बघा. लाजायचं नाही, चांगला ड्रायव्हर स्वतःच दाखवतो. स्टेपनीत हवा आहे का, टायर गुळगुळीत झालेत का, जॅक आहे का, एवढं दोन मिनिटांचं काम. अत्तरगोच्या पुढे पंक्चरचं दुकान मिळेल या भरवशावर जायचं नाही. पेट्रोल पंपही काझातच, पण ते ड्रायव्हर बघतो.

आता रस्त्यात काय. अत्तरगोचा पूल ओलांडला की खोरं एकदम बदलतं, काझाच्या बाजूचं ते रुंद नदीपात्र जातं आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. इथे बाबांना सांगा कडे नीट बघा म्हणून. दगडाचे थर अक्षरशः घड्या घातल्यासारखे वळलेले दिसतात, काही ठिकाणी उभे, काही ठिकाणी पार उलटे. भारतातल्या भूगर्भशास्त्राच्या लोकांसाठी पिन म्हणजे पंढरी आहे, ब्रिटिशांच्या काळापासून इथे अभ्यास चाललाय, आणि इथल्या एका पांढऱ्या क्वार्टझाइटच्या (वाळूपासून बनलेला कठीण दगड) थराला मुध गावाचंच नाव दिलेलं आहे, पुस्तकात ते मुथ फॉर्मेशन म्हणून येतं. साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीचा तो थर, तेव्हा हिमालयाचा पत्ताच नव्हता, तिथे समुद्रकिनाऱ्याची वाळू होती. त्या वाळूवरून चालत गेलेल्या संधिपाद (विंचू-खेकड्यांच्या कुळातल्या) प्राण्यांच्या पायांचे ठसेसुद्धा पिनच्या खोऱ्यात सापडलेत. म्हणजे तुम्ही ३,८०० मीटरवर उभ्या राहून एक जुनी चौपाटी बघताय. (लांग्झाला पोरं मुठीत शंखाचे दगड, म्हणजे जीवाश्म, घेऊन विकायला येतात, ते मात्र घेऊ नका. मागणी आहे तोवर डोंगर खणून काढणार ते.)

मग गुलिंग आणि त्याच्या जरा वर कुंग्री गोंपा. हा तिबेटी बौद्धांच्या निंग्मा पंथाचा मठ, स्पितीतल्या जुन्यांपैकी एक. नवीन इमारत मोठी आणि रंगीत आहे, लोक तीच बघून परत फिरतात. जुनी छोटी देवळं बाजूला आहेत, कुलूप असतं, एखादा लामा दिसला तर नम्रपणे विचारा, किल्ली आणून उघडतात. आत अंधार, तुपाच्या दिव्यांचा वास, भिंतीवर जुनी चित्रं. आत फोटो काढायचे का ते विचारून, फ्लॅश तर नाहीच. पिनमध्ये बुचेन नावाची एक परंपरा आहे, हे संसारी लामा, गावोगाव जाऊन धार्मिक नाट्य करणारे, त्यात पोटावर दगड ठेवून फोडण्याचा विधी असतो. तो टुरिस्टसाठी करून दाखवायचा खेळ नाही, त्यामुळे ड्रायव्हरला "वो पत्थर वाला शो कब होता है" असलं काही विचारू नका, आमच्या एका ग्रुपमधल्या काकांनी विचारलं होतं, मला मान खाली घालावी लागली.

पुढे मिक्किम, सगनाम. सगनाम खोऱ्यातलं मोठं गाव, इथे पराहिओ नदी पिनला मिळते. इथे चहाला थांबा, कारण इथे वरून येणारा कुणी ना कुणी भेटतो आणि पुढच्या नाल्यांची खबर मिळते. तुमचा ड्रायव्हर ते करेलच. तो दुसऱ्या गाडीशेजारी गाडी उभी करून पाच मिनिटं गप्पा मारायला लागला तर "चलो भैया लेट हो रहा है" करू नका, त्या गप्पाच कामाच्या असतात.

सगळं नीट असेल तर सातला निघून मधले थांबे धरून दहा-साडेदहाला मुध. इथे रस्ता संपतो, म्हणजे गाडीचा. पुढे पायवाटा आहेत, एक भाबा पासवरून किन्नौरमधल्या काफनूला जाते आणि दुसरी पिन-पार्वती पासवरून कुल्लूच्या बाजूला. काफनूकडून ट्रेक करत येणारी मराठी पोरं इथे उतरतात तेव्हा त्यांना टॅक्सी लागते आणि मुधमध्ये आयती टॅक्सी उभी नसते, त्यांनी काझाची गाडी तारीख देऊन आधीच ठरवून ठेवावी. एसटीसारखी सरकारी बस आहे, ती काझाहून दुपारनंतर सुटते आणि मुधहून सकाळी परत निघते, म्हणजे डे ट्रिपला काही उपयोगाची नाही, पण एकट्या-दुकट्याला राहायचं असेल तर फार स्वस्तात होतं, वेळ तेवढी काझाच्या स्टँडवर विचारून घ्या.

मुधमध्ये बघायचं काय असं विचाराल तर पॉइंट असा एकही नाही. आईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "एवढ्या लांब आलो ते हे बघायला?" होतं. मातीच्या विटांची पांढरी घरं, छपरावर चाऱ्याच्या आणि सरपणाच्या पेंढ्या रचलेल्या, खाली मटार आणि जवाची शेतं, त्याखाली नदी. जूनमध्ये शेतात पाणी सोडायचं काम चालू असतं, बायका फावड्याने वाफ्याचं तोंड उघडतात आणि मिटवतात, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आपल्याकडच्या शेतकरी घरातल्या माणसाला हे बघताना जी मजा येते ती कुठल्या पॉइंटवर येत नाही. मटार हे इथलं नगदी पीक, ऑगस्टच्या सुमारास निघतो, गोड असतो फार. शेताच्या बांधावरून चालताना वाटेवरच चाला, पाटात पाय घालू नका. घोडे दिसतील, चामुर्ती जातीचे, बुटके आणि मजबूत, या खोऱ्यातले घोडे नोव्हेंबरात रामपूरच्या लवी मेळ्यात विकायला जातात.

आणि हिमबिबट्या वगैरे विसरा. पिन व्हॅली नॅशनल पार्क १९८७ सालचं, त्यात हिमबिबट्या आहे, आयबेक्स (डोंगरी रानबोकड) आहे, सगळं खरं. पण जूनमध्ये बर्फ वर सरकतं तसे आयबेक्सही वर जातात आणि बिबट्या त्यांच्या मागे. ते बघायचं तर हिवाळ्यात, आणि ते वेगळंच प्रकरण आहे.

जेवण होमस्टेमध्ये होतं. पोचल्या पोचल्या सांगून ठेवा, तासभर लागतो, कारण तुम्ही सांगितल्यावर चूल पेटणार. डाळ-भात-भाजी मिळते, थुक्पा (नूडल्सचं सूप) मिळतो, आंबटसर छरम्याचा (सीबकथॉर्नच्या फळांचा) चहा मिळाला तर नक्की घ्या. टॉयलेट बऱ्याच घरांत कोरडं असतं, म्हणजे वरच्या मजल्यावर जमिनीला चौकोनी भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं, झाल्यावर माती ढकलायची, पाणी ओतायचं नाही. पाणी ओतलं तर त्यांचं वर्षाचं खत बिघडतं. बाबांचे गुडघे दुखत असतील तर हे आधीच माहीत असलेलं बरं. कमोड असलेली घरंही आता झालीत, ड्रायव्हरला विचारा, त्याला कुठल्या घरी काय आहे ते पाठ असतं. ड्रायव्हरच्या जेवणाचंही तुम्हीच विचारा, बऱ्याच घरी त्यांना आत स्वयंपाकघरात बसवून वाढतात, पण गृहीत धरू नका.

दीड वाजता गाडीत बसायचं म्हणजे बसायचं. दुपारनंतर वाराही सुटतो, धुळीने डोळे उघडवत नाहीत. साडेचार-पाचला काझा.

एक रात्र मुधला राहावं का? तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने मुध राहायचंच गाव आहे, दुपारचे टुरिस्ट गेल्यावर ते खरं गाव होतं. पण तुमच्याकडे तीनच रात्री आहेत आणि आई-बाबा पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर येतायत, रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर काझाचं हॉस्पिटल दोन-अडीच तास लांब आणि मध्ये नाले. तेव्हा या वेळी डे ट्रिपच. तुम्ही दोघं परत कधी आलात तर राहा.

तब्येतीचं बोलायचं तर डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि सल्फाची ॲलर्जी या दोन गोष्टी त्यांना आठवणीने सांगा. तिथे गेल्यावर केमिस्टला विचारून घेऊ नका. सकाळी निघताना कुणाला जोराचं डोकं दुखत असेल, उलटी झाली असेल किंवा तोल जातोय असं वाटत असेल तर ट्रिप रद्द, टॅक्सीचे पैसे गेले तर गेले. नुसतं थोडं जड वाटतंय, भूक कमी आहे, तर हरकत नाही, पाणी पीत राहा आणि मुधमध्ये चढ-उतार करायला लावू नका त्यांना. मुलं वडिलांना फोटोसाठी नदीपर्यंत खाली उतरवतात आणि मग वर येताना पंचाईत.

पैसे रोख न्या, सुट्टे न्या, एटीएम काझात आहे पण सीझनमध्ये त्यात कॅश असेलच असं नाही. फोन काझात चालतो, पिनमध्ये भरवसा नको, म्हणून यूपीआय करू म्हणून निघू नका. बरोबर गरम कपडे, टोपी, गॉगल, धुळीसाठी मास्क, सुंठ-साखर नाहीतर आलेपाक, थोडे लाडू. वेफर्सची पाकिटं मात्र परत काझाला घेऊन या, मुधमध्ये कचऱ्याची गाडी येत नाही.

राहिला तुमचा भाऊ. त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असेल तर काझा ते मुध काही लागत नाही, पण तुम्ही शिमल्याकडून येताय म्हणून किन्नौर ते सुमदो (स्पितीच्या हद्दीवरचं गाव) या पट्ट्यासाठी त्याला परमिट लागेल. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी लागतं, इथेच लोक फसतात. तुम्हाला बाकीच्यांना लागत नाही. ते परमिट कल्पाच्या खालीच असलेल्या रेकाँग पिओला मिळतं, पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआयच्या झेरॉक्स आणि फोटो जवळ ठेवा, आणि सरकारी ऑफिस आहे तेव्हा कल्पाचा तुमचा दिवस रविवारी किंवा दुसऱ्या शनिवारी येत नाही ना हे आजच कॅलेंडरमध्ये बघून घ्या, येत असेल तर शिमल्यातच काढून घ्या.